डब्यावरची तारीख

चातुर्मासात हवेतील ओलावा वाढतो व डब्यातील खाऊला बुरशी लवकर धरते. म्हणूनच श्वेतांबर परंपरेत मिठाई व खाखऱ्याची कालमर्यादा हिवाळ्यात ३०, उन्हाळ्यात २०, तर पावसाळ्यात १५ दिवस मानली आहे. चव वा वास पालटल्यास ती त्याआधीच संपते.

दुकानातील ‘जुना माल आधी’ हा नियम फडताळातही पाळावा. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवून केल्याची व शेवटची तारीख लिहावी. जुना डबा पुढे, नवा मागे.

प्रारंभ सुखडीने करावा. १ वाटी तुपात २ वाट्या कणीक मंद आचेवर खमंग भाजावी, आच बंद करून १ वाटी किसलेला गूळ मिसळावा, थाळीत थापून कोमट असतानाच वड्या पाडाव्यात. मुदतीत संपेल एवढीच करावी. अन्न टाकण्याची वेळ न येणे, हीही जीवदयाच.