तंबोऱ्याचा धागा धरून

रॉक संगीत म्हणजे गोंगाट, असे म्हणण्यापूर्वी बीटल्सचे १९६६ सालचे ‘टुमॉरो नेव्हर नोज’ ऐका. मागे अखंड गुंजणारा आवाज ओळखीचा वाटतो ना? तो तंबोरा! बीडच्या गायनाच्या बैठकीतही हेच वाद्य असते. त्याची घोडी रुंद व किंचित वक्र असते. कंप पावणारी तार तिला वारंवार स्पर्शून जाते आणि मूळ स्वरासोबत अनेक संनादी स्वर उमटतात. तारेखालचा सुती धागा योग्य जागी सरकवला, की ही ‘जवारी’ खुलते. १९२१ साली सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तिच्यावर संशोधन प्रसिद्ध केले.

आता असाच अखंड स्वर इतर वाद्यवृंदांत शोधा. द किंक्सच्या ‘सी माय फ्रेंड्स’मध्ये (१९६५) तो सापडेल, पण गिटारवर. गीतकार रे डेव्हिस यांना ते सुचले मुंबईत भल्या सकाळी ऐकलेल्या कोळ्यांच्या गाण्यावरून!