घोडा पॅरिसचा, घोडा भीमथडीचा

बारामती-इंदापूरकडे चित्रकलेची सुरुवात बहुधा शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांनी होते. कागद, पेन्सिल, जलरंग. तैलरंग बऱ्याच उशिरा हाती येतात आणि कॅनव्हास ताणला की घोड्यावरचे शिवराय रंगवावेसे वाटतात. ते साहजिकच आहे. सुपे आणि इंदापूर हे शहाजीराजांच्या जहागिरीतले परगणे. पण घोडा आणि स्वार एकत्र पेलणे हे तैलचित्रणातले अवघड काम. म्हणून जाणता शिक्षक आधी एखाद्या नामवंत अश्वारूढ चित्राची प्रतिकृती करायला सांगतो.

प्रतिकृतीला कमी लेखण्याचे कारण नाही. रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्याची भित्तिचित्रे तैलरंगात उतरवत होता. त्यातली बहुतेक चित्रे १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेली. पुढे १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम पुन्हा केले. त्यातल्याही अनेक प्रतिकृती १८८५ च्या आगीत जळाल्या. त्या कामाने कमावलेला हात मात्र उरला. पेस्तनजी बोमनजी त्याच विद्यार्थ्यांपैकी.

अश्वारूढ चित्रासाठी फ्रेंच चित्रकार तेओदोर जेरिकोचे १८१२ चे चित्र घ्यावे. तेव्हा तो अवघा एकवीस वर्षांचा होता. लूव्रमधल्या या प्रचंड चित्रात करड्या घोड्यावरचा अधिकारी हल्ल्याच्या ऐन क्षणी मागे वळून पाहतो. घोडा एका दिशेला झेपावतो, स्वाराचे धड दुसरीकडे वळते. हा पीळ चौकटी आखून उतरवता येतो. खरी परीक्षा त्यानंतर. तपकिरी पातळ रंगात आधी छाया-प्रकाश बसवायचा, मग मधल्या छटा, शेवटी उजेडाचे जाड फटकारे. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ आणि वरचे जवसाच्या तेलाने स्निग्ध. तैलरंग नुसता सुकत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो; क्रम उलटला तर वरचा थर तडकतो. छापील चित्रातला काळोख मात्र जसाच्या तसा उचलू नये. जेरिकोनेच पुढे ‘मेड्यूसाचा तराफा’ हे चित्र रंगवताना वापरलेले डांबरी द्रव्य काळाबरोबर काळवंडले आहे.

प्रतिकृतीची मर्यादाही जेरिकोच दाखवतो. १८२१ च्या ‘एप्सम डर्बी’त त्याचे घोडे चारही पाय पुढे-मागे ताणून हवेत तरंगतात. दौडता घोडा कधीच तसा नसतो, हे मायब्रिजच्या १८७८ च्या छायाचित्रांनी सिद्ध केले. नक्कल करणारा ती चूकही इमानाने उतरवतो. म्हणजे प्रतिकृतीतून रंग कळतो, घोडा कळत नाही.

घोडा कळायला या भागाने दूर जायची गरज नाही. मराठ्यांच्या घोडदळाचा आधार असलेले भीमथडी तट्टू याच भीमा खोऱ्यातले: बेताच्या उंचीचे, काटक, लांब मजल मारणारे. अलीकडेच स्वतंत्र देशी अश्ववंश म्हणून त्याची अधिकृत नोंद झाली. धनगरांचे वाडे दिवाळीनंतर चराईला निघतात तेव्हा बिऱ्हाड आजही त्याच्याच पाठीवर असते. आपल्या कॅलेंडरांतल्या आणि तैलचित्रांतल्या मावळ्यांखाली मात्र उंच, कमानदार मानेचा युरोपी थाटाचा घोडा दिसतो. स्वार इथला आणि वाहन परक्या चित्रातले, अशी ही जोडणी प्रतिकृतीवरच थांबलेल्या शिक्षणातून आली आहे.

तेव्हा आधी जेरिको, मग वाड्यावर बसून तट्टांची रेखाटने, आणि त्यानंतर शिवराय. जेरिकोनेही लूव्रमधल्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या आणि व्हर्सायच्या पागेत जाऊन जिवंत घोडे रेखाटले. त्याची नक्कल करायचीच, तर या दुसऱ्या सवयीचीही करावी.