मळायचं काम यंत्राचं, पाण्याचा अंदाज घरचा

१९८५च्या सुमाराची गोष्ट. आज पॅनासॉनिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जपानमधल्या मात्सुशिता कंपनीत इंजिनिअर एका घरगुती यंत्रापुढे अडून बसले होते. पीठ, पाणी, यीस्ट आत घालायचं आणि तयार ब्रेड बाहेर काढायचा, असं ते यंत्र हवं होतं. ब्रेड मात्र वरून करपायचा आणि आत कच्चा राहायचा. यंत्राने आणि कसलेल्या कारागिराने मळलेल्या गोळ्यांचे एक्स-रे काढून पाहिले, तरी चूक सापडेना. शेवटी सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या इकुको तानाका ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरकडे मळायला शिकायला गेल्या. त्याचं काम पाहता पाहता त्यांच्या लक्षात आलं, की तो पीठ ताणताना त्याला पीळही देतो. तो पीळ यंत्रात यावा म्हणून आतल्या बाजूला कंगोरे बसवले गेले. फेब्रुवारी १९८७ मध्ये ३६,००० येन किमतीला यंत्र बाजारात आलं आणि पहिल्याच वर्षात ५ लाख ३६ हजार नग खपले. इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची या अभ्यासकांनी ही हकीकत पुढे आपल्या पुस्तकात सविस्तर मांडली.

त्याच प्रयोगांत दुसरी अडचण आली होती ती उष्णतेची. खोली तापलेली असली की पीठ वेळेआधीच आंबतं आणि ब्रेड बिघडतो. थंड ठेवणारी यंत्रणा बसवली तर किंमत वाढणार होती, म्हणून यीस्ट उशिरा मिसळण्याची युक्ती काढली गेली. काही मॉडेलांत यीस्टसाठी आजही वेगळा कप्पा असतो, तो याचसाठी. जळगाव, नागपूरच्या मे महिन्यातल्या स्वयंपाकघराला हा मुद्दा पुरेपूर लागू पडतो.

यंत्राची रचना तशी सोपी. नॉनस्टिक भांडं, त्याच्या तळाशी फिरणारं पातं, भोवती हीटर आणि वेळ-तापमान सांभाळणारं सर्किट. मळणं, फुगवणं, मधली हवा काढणं, पुन्हा फुगवणं आणि भाजणं हे सगळं एकाच भांड्यात होतं. साध्या ब्रेडला ३ ते ४ तास लागतात, कणकेच्या ब्रेडला त्याहून थोडे अधिक. पण भांड्यात कोणतं पीठ पडलंय, ते किती पाणी पिणार, हे यंत्राला कळत नाही. ठरलेल्या मिनिटांना ते ठरलेलं काम करतं. भारतात बहुतेक यंत्रांच्या पहिल्या लाद्या फसतात त्या इथे, आणि मग महागाचं यंत्र माळ्यावर जातं.

यंत्रासोबत येणाऱ्या पाककृती बहुधा ब्रेडच्या खास पिठावर बेतलेल्या असतात. त्या पिठात १२ ते १३ टक्के प्रथिनं असतात. आपल्याकडच्या मैद्याच्या पाकिटावर साधारण १० ते ११ ग्रॅमचा आकडा दिसतो. गव्हातल्या प्रथिनांपासूनच ग्लूटेनचं चिवट जाळं तयार होतं आणि यीस्टने सोडलेला वायू त्यात अडकून ब्रेडला जाळी पडते. प्रथिनं कमी तर जाळं कमकुवत. म्हणून मैदा घेताना पाकिटावरचा प्रथिनांचा आकडा वाचावा आणि जास्त असेल तो निवडावा.

कणकेचं गणित याहून वेगळं. चक्कीवर दळताना गव्हातल्या स्टार्चचे कण मोठ्या प्रमाणात फुटतात आणि फुटलेला स्टार्च जास्त पाणी शोषतो. त्यात कोंडा. तोही पाणी पितो, शिवाय ग्लूटेनचं जाळं कापतो. ४०० ग्रॅम मैद्याला २५० ते २६० मिलीलिटर पाणी पुरत असेल, तर तेवढ्याच कणकेला ३०० च्या आसपास लागतं. लोकवन किंवा सिहोर गव्हाच्या पिठाचा ब्रेड जमतो, पण पहिल्या दिवशी निम्मा मैदा आणि निम्मी कणीक घेणं शहाणपणाचं. पूर्ण कणकेचाच हवा असेल तर दर कपामागे एक मोठा चमचा सुटं ग्लूटेन घालतात. ते पाकिटात विकत मिळतं. खपलीचं ग्लूटेन नाजूक असतं, त्यामुळे तिचा ब्रेड बसका होतो. ज्वारी, बाजरी, नाचणीत तर ग्लूटेन नाहीच. ही पिठं एकूण पिठाच्या पाचव्या हिश्शापर्यंत मिसळावीत.

पाण्याचा अंदाज डोळ्यांनी घ्यायचा. मळणं सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटांनी झाकण उघडून पाहावं. गोळा गुळगुळीत, भांड्याच्या कडा सोडून फिरणारा आणि बोटाला किंचित चिकटणारा हवा. कोरडा वाटला तर चमचाभर पाणी, पसरट वाटला तर चमचाभर पीठ. पोळ्यांची कणीक भिजवणारा हात हे क्षणात ओळखतो, मात्र पोळीपेक्षा गोळा थोडा सैल हवा हे ध्यानात ठेवावं. कोकणातल्या पावसाळ्यात पीठ हवेतला ओलावा घेतं, तेव्हा पाणी थोडं कमी लागतं.

४०० ग्रॅम पिठाला एक छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, सव्वा छोटा चमचा मीठ, दीड मोठा चमचा साखर आणि दोन मोठे चमचे तेल किंवा लोणी, एवढं साधारण प्रमाण पुरतं. बहुतेक यंत्रांत आधी पाणी, मग पीठ आणि शेवटी पिठात खळगा करून यीस्ट घालतात. काही कंपन्यांचा क्रम अगदी उलटा असतो, म्हणून पुस्तिका वाचावीच. मीठ यीस्टला थेट लागू देऊ नये, त्याने यीस्ट मंदावतं. उन्हाळ्यात फ्रिजमधलं पाणी वापरावं आणि यीस्ट थोडं कमी करावं. रात्री भरून सकाळी ब्रेड मिळावा म्हणून टायमर लावतात, तेव्हा दूध आणि अंडी वगळावीत. दुधाची पावडर चालते.

खरेदीला जाताना कार्यक्रमांची संख्या पाहून भुलू नये. साधा, कणकेचा, फक्त मळण्या-फुगवण्याचा आणि फक्त भाजण्याचा, हे चार असले की घर चालतं. मळण्याची आणि फुगण्याची वेळ स्वतः ठरवता आली तर उत्तम, कारण आपल्या पिठाला आणि हवेला तीच सोय उपयोगी पडते. चौघांच्या घराला पाऊण किलोच्या आसपास लादी देणारं यंत्र पुरतं. वीज गेली तर कार्यक्रम किती वेळ लक्षात राहतो, हे दुकानदाराला आवर्जून विचारावं. काही यंत्रं दहा मिनिटं तग धरतात, काही लगेच पहिल्यापासून सुरू करतात आणि अर्धवट फुगलेलं पीठ वाया जातं. जिथे भारनियमन होतं, त्या गावांत इतर कुठल्याही सोयीपेक्षा हिचं मोल मोठं.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेलं यंत्र घेताना विचार करावा. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची; आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरतं, हर्ट्झ बदलत नाहीत आणि बऱ्याच यंत्रांची मोटर हळू फिरते. सगळ्यात आधी झिजतात ती पातं आणि भांडं. हे सुटे भाग इथे मिळणार असतील तरच पैसे घालावेत.

एवढा खटाटोप करावा का? मे २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने ब्रेड-पावाचे ३८ नमुने तपासले. त्यांतल्या ८४ टक्क्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट आढळलं आणि पुढच्याच महिन्यात ब्रोमेटवर देशभर बंदी आली. घरच्या ब्रेडमध्ये काय आहे, हे तो करणाऱ्याला ठाऊक असतं. ही खात्री मोठी आहे, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.

गोव्यातल्या पोदेराची पोई किंवा इराणी हॉटेलातला ब्रून मात्र या यंत्रातून निघणार नाही. त्यांच्या कडक सालीला सणसणीत तापलेली भट्टी लागते, यंत्राची आच त्यामानाने सौम्य. लादीपाव मात्र छान होतात, फक्त भाजायला ओव्हन हवा. यंत्राकडून मळून आणि एकदा फुगवून घ्यावं, पन्नास-साठ ग्रॅमचे गोळे करून तेल लावलेल्या ट्रेमध्ये जवळजवळ मांडावेत, दुप्पट फुगू द्यावेत आणि १९० अंशांवर पंधरा ते वीस मिनिटं भाजावेत. बाहेर काढताच वरून लोणी फिरवावं.

लादी मात्र यंत्रातून लगेच काढावी, नाहीतर वाफेने तिच्या कडा ओलसर होतात. जाळीवर तासभर निवल्याशिवाय सुरी लावू नये. त्यात बुरशीरोधक नसल्याने दमट हवेत दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, आणि फ्रिजमध्ये ठेवला तर ब्रेड लवकर शिळा लागतो. उरलेल्या लादीचे काप करून डीपफ्रीझरमध्ये ठेवावेत. गोठलेला काप थेट तव्यावर किंवा टोस्टरमध्ये टाकला तरी चालतो.