घरगुती मुद्रकयंत्र : रोग आणि निदान

पुष्कळ कुटुंबांत संगणकाशेजारीं दहा-पंधरा वर्षांचा जुना प्रिंटर असतो. मुलांचें प्रवेशपत्र, वीजबिलाची प्रत, आजोबांच्या औषधांची यादी, हीं सर्व कामें त्याच्याच गळ्यांत असतात. परीक्षेच्या आदल्या रात्रीं हें यंत्र कोरे कागद बाहेर टाकूं लागलें, कीं घरांतील मंडळी त्यास चापट्या मारतात, नाहीं तर ‘आतां नवेंच आणा’ असा निकाल देतात. आम्हांस दोन्ही मार्ग अविचाराचे वाटतात. पहिल्यानें यंत्र अधिक बिघडतें; दुसऱ्यानें कांहीं हजार रुपये खर्च होऊन दुरुस्त होण्याजोगी वस्तु कचऱ्यांत जाते.

यंत्र कसें चालतें हें कळल्यावांचून निदान होत नाहीं. लेझर प्रिंटर शाईनें छापीत नाहीं, भुकटीनें छापतो. हा मूळ शोध अमेरिकेंतील चेस्टर कार्लसन यांचा. २२ ऑक्टोबर १९३८ रोजीं न्यूयॉर्क शहराच्या अस्टोरिया भागांत गंधकाचा लेप दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर रुमाल घांसून विद्युद्भार उत्पन्न करण्यांत आला. अक्षरें लिहिलेली कांच वर ठेवून प्रकाश पाडला व मग भुकटी टाकली. प्रकाश न पोहोंचलेल्या जागीं ती चिकटून अक्षरें उमटलीं. आजच्या यंत्रांत दिव्याचें काम लेझर-किरण करतो. कागदावर आलेली भुकटी प्रथम रांगोळीसारखी सुटी असते. पुढें सुमारें २०० अंश सेल्सिअस तापणाऱ्या फ्यूजरमधून जातांना ती वितळते व कागदाशीं एकजीव होते. कागद उचलणें, चित्र उमटणें आणि तें पक्कें होणें, असे हे तीन टप्पे आहेत. रोग कोणत्या टप्प्याचा हें ठरलें, कीं अर्धें काम झालें.

यासाठीं आपल्या न्यायशास्त्रांतील अन्वय-व्यतिरेकाचा उपयोग करावा. एखादी गोष्ट असतां दोष दिसतो आणि ती काढतांच दोष जातो, तरच तिला कारण म्हणावें. म्हणून एका वेळीं एकच बदल करावा. केबल, कागद व काडतूस तिन्ही एकदम बदलल्यास यंत्र कदाचित् सुधारेल, परंतु कारण कळणार नाहीं. चांगलें काडतूस मात्र फुकट जाईल.

आतां लक्षणें पाहूं.

यंत्र कागद उचलीत नसेल, तर कागद उचलणारा रबरी रूळ गुळगुळीत झालेला किंवा धुळीनें माखलेला असतो. यंत्र बंद करून, धागे न सुटणाऱ्या किंचित् ओल्या फडक्यानें तो पुसावा. पावसाळ्यांत कागद दमट होऊन वांकतो व अडकतो. म्हणून उघडें पडलेलें रीम झांकून ठेवावें. अडकलेला कागद दोन्ही हातांनीं, शक्यतों त्याच्या जाण्याच्याच दिशेनें, हळूहळू ओढावा.

अक्षरें पुसट आलीं, तर काडतूस काढून आडवें धरावें व पांच-सहा वेळां हलकेंच हालवावें. भुकटी सारखी पसरून आणखी कांहीं पृष्ठें निघतात. काडतुसाचा चकाकता दंडगोल उजेडांत ठेवूं नये व त्यास बोट लावूं नये.

एकच ठिपका ठराविक अंतरानें पुन्हां पुन्हां उमटत असेल, तर पट्टीनें अंतर मोजावें. तें ज्या रुळाच्या परिघाइतकें भरेल, त्या रुळावर डाग असतो. १२-ए जातीच्या काडतुसांत दंडगोलाचा परीघ सुमारें ७५ मिलिमीटर असतो; तितकेंच अंतर भरल्यास काडतूस बदलावें.

अक्षरें बोटानें पुसलीं जात असतील, तर तीं पक्कीं झालेलीं नसतात. प्रथम कोरडा व योग्य जाडीचा कागद घालून पाहावा. तरीही पुसलीं गेल्यास फ्यूजरचा दोष समजून जाणत्या कारागिराकडे जावें.

यंत्र मुळींच हालत नसेल, तर प्रथम केबल दोन्ही टोकांस घट्ट बसवावी व संगणकांत अडकून पडलेलीं जुनीं कामें रद्द करावीं. २००५ सालीं निघालेल्या एच. पी. लेझरजेट १०२० सारख्या यंत्रास स्वतःची कायम स्मृति नसते. तें सुरू होतांच संगणक त्यास चालण्याची विद्या नव्यानें शिकवितो. म्हणून तें मुकें झाल्यास संगणक चालू असतांना यंत्र बंद करून पुन्हां चालू करावें. संगणकाची प्रणाली नुकतीच बदलली असल्यास तिच्याजोगा ड्रायव्हर बसविला आहे कीं नाहीं, हें पाहावें.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. झांकण उघडल्यावर फ्यूजरला हात लावूं नये. तो निवूं द्यावा. भुकटी सांडल्यास फुंकूं नये, ओल्या फडक्यानें टिपावी. हातावरची थंड पाण्यानेंच धुवावी, कारण उष्णतेनें ती चिकटते. लहान मुलांस तर जवळ येऊंच देऊं नये.

इतकें करूनही गुण न आला व दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या जवळपास जाऊं लागला, तर तें अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावें. परंतु तो निकाल तपासाअंतीं द्यावा. घरांतील तरुण मुलांनीं हा तपास स्वतः करावा व वडील मंडळींनीं शेजारीं बसून पाहावा, अशी आमची सूचना आहे. कारण शोधल्यावांचून उपाय न करण्याची संवय त्यांना अभ्यासांतही उपयोगी पडेल.