रशियाची विदुषी राजस्नुषा

शाळेंत इतिहास शिकवितांना रशियांतील भूदासांच्या मुक्ततेचें सारें श्रेय आम्ही मास्तर मंडळी एका वाक्यांत झार दुसऱ्या अलेक्झांडरला देऊन मोकळे होत असूं. त्या वाक्याच्या आड एक स्त्री उभी होती, हें मला निवृत्तीनंतरच्या वाचनांत कळलें. तिचें नांव ग्रँड डचेस एलेना पावलोव्हना.

ती मूळची जर्मनींतील व्युर्टेंबर्ग राजघराण्यांतली. जन्म १८०७ चा, शिक्षण पॅरिसमध्यें. १८२४ मध्यें झारचा धाकटा भाऊ मिखाईल याच्याशीं तिचा विवाह झाला. पतीला कवायतीचें वेड, तर हिला ग्रंथांचें! पुढें झार झालेला तिचा दीर निकोलस तिला कुटुंबांतील पंडिता म्हणे. पांच मुलींपैकीं चौघी तिच्या डोळ्यांदेखत वारल्या. १८४९ मध्यें वैधव्य आलें. पण दुःखाला कवटाळून ती बसली नाहीं.

१८५४ मध्यें क्रिमियाचें युद्ध पेटलें असतां तिनें शुश्रूषा करणाऱ्या भगिनींचा संघ स्थापिला आणि शल्यवैद्य पिरोगोव्ह यांच्या देखरेखीखालीं त्यांना रणभूमीवर धाडलें. सैनिकांत स्त्रिया कशा पाठवाव्या, म्हणून पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. भगिनींच्या कामानें तीं तोंडें बंद केलीं.

पोल्टाव्हा प्रांतांतील कार्लोव्हका येथें तिच्या मालकीचे सुमारे १५,००० भूदास होते. त्यांना जमिनीसह मुक्त करण्याची योजना निकोलाय मिल्युतिन याच्या साह्यानें आंखून १८५६ मध्यें तिनें ती पुतण्यापुढें, म्हणजे नव्या झारपुढें, ठेवली. जमिनीवांचून मुक्तता म्हणजे उपाशी राहण्याची मोकळीक, हें तिनें ओळखलें होतें. झारनें लगेच मान्यता दिली नाहीं. पण तिच्या मिखाइलोव्हस्की प्रासादांतील बैठकींत सुधारकांचा विचार पक्व होत गेला, आणि १८६१ च्या कायद्याच्या रचनेंत मिल्युतिनचाच मोठा वांटा होता. त्या कायद्यांत उणिवा राहिल्या. शेतकऱ्यांना जमिनीचें मोल वर्षानुवर्षें हप्त्यांनीं फेडावें लागलें. तरी माणूस विकण्याचा हक्क नाहींसा झाला.

१८६२ मध्यें निघालेल्या पीटर्सबर्गच्या संगीतविद्यालयालाही तिचाच आश्रय होता; चायकोव्हस्की तेथलाच विद्यार्थी. १८७३ मध्यें ती निवर्तली.

तिच्या हातीं राजदंड नव्हता. होतें तें घर, धन आणि योग्य माणसें हेरण्याची दृष्टि. इतिहासाचीं पुस्तकें बहुधा सही करणाराचें नांव सांगतात. मसुदा कोणाच्या दिवाणखान्यांत तयार झाला, हेंही आपण मुलांना सांगावें.