क्षय, ऱ्हास, झीज आणि कुजणे: अर्थभेद

घट दर्शवणारे हे शब्द समानार्थी वाटत असले, तरी प्रत्येकाची अर्थकक्षा वेगळी आहे. ‘क्षि’ या संस्कृत धातूपासून आलेला ‘क्षय’ म्हणजे कमी होत जाणे. म्हणूनच जी तिथी कोणत्याही सूर्योदयाला नसते तिला पंचांगात क्षयतिथी म्हणतात, शरीर खंगवणाऱ्या रोगाला क्षयरोग, तर अस्थिर अणुकेंद्रकांच्या विघटनाला किरणोत्सर्गी क्षय म्हटले जाते, ज्यात कार्बन-१४ चे अर्धे अणू सुमारे ५,७३० वर्षांत विघटित होतात. ‘ऱ्हास’ आणि ‘ह्रस्व’ यांचा धातू एकच असल्याने त्यात आखूड होण्याचा भाव असून, तो जंगले, मूल्ये, संस्था यांच्या क्रमिक घसरणीला लागू पडतो. ‘झीज’ प्रामुख्याने घर्षणाने किंवा वापराने होते, तर कुजण्याची क्रिया सूक्ष्मजीव घडवतात आणि तिच्यातूनच जमिनीला पोषणद्रव्ये परत मिळतात.