कर्जाऊ विद्यावृत्ती : जे. एन. टाटा एंडोमेंट
परदेशी उच्च शिक्षणाची पात्रता असूनही केवळ द्रव्याभावी खोळंबलेल्या विद्यार्थ्यांसाठी जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली जो निधी स्थापन केला, त्यातून मिळणारी रक्कम कर्जाऊ असते आणि शिक्षण पुरे झाल्यावर तिची रीतसर परतफेड करावी लागते. ही अट, माझ्या मते, विद्यार्थ्याच्या स्वाभिमानाची बूज राखणारी आहे. शिवाय परत आलेला पैसा पुढील उमेदवाराच्या कामी येतो. पहिल्या मानकरी दोघीही स्त्रिया, वैद्यकाच्या अभ्यासक : फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. स्त्रीशिक्षणाविषयी समाज साशंक असता झालेली ही निवड विशेष अभिनंदनीय होय. पुढे के. आर. नारायणन आणि जयंत नारळीकर हेही याच वृत्तीचे मानकरी झाले.